क्विंटलचे चार तुकडे

आप्पा,

तुमची बेरीज चुकली होती. साधी बेरीज, तिसरीच्या पोराला घालावी तशी. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या हाताखालून गेलेली पोरंसुद्धा आता काठी टेकत चालतात, पण तुमचं नाव निघालं की अजून कानाच्या पाळीला हात लावतात आणि म्हणतात, काय डोकं होतं मास्तरांचं! परवा उस्मानपुऱ्यात औषधाच्या दुकानापुढं एकानं मला थांबवून हेच ऐकवलं. मी हो हो केलं आणि गोळ्या घेऊन घरी आले. त्या डोक्याला एक, तीन, नऊ आणि सत्तावीस यांची बेरीज करावीशी वाटली नाही आणि त्यापायी माझ्या बहिणीचा जन्म गेला, हे त्या भल्या माणसाला सांगून काय करणार. म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. तुम्हाला हे पोचणार नाही, आणि तुम्ही जिवंत असता तरी पोचलं नसतं. तुमच्यापर्यंत फक्त सवाल पोचायचे.

सवाल हा तुमचाच शब्द. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलात, पोलीस ॲक्शननंतर मराठी शाळेत मास्तर झालात, पण गणित म्हणजे सवाल आणि उत्तर म्हणजे जवाब, हे शेवटपर्यंत सुटलं नाही. तुम्हाला घरात माणसं दिसायची नाहीत. आई चुलीपुढं धुरात बसलेली आहे, डोळे लाल झालेत, आणि तुम्ही पाटावर मांडी ठोकून विचारताय: तव्यावर एका वेळी दोनच भाकरी मावतात, भाकरी तीन आहेत, दोन्ही बाजू भाजायच्या आहेत, तर कमीत कमी किती वेळा तवा भरावा लागेल? तुम्हाला वाटतंय ती चार म्हणेल. मग तुम्ही तिला तीन वेळांत कसं बसतं ते समजावणार, आणि तेवढ्यासाठीच तुम्ही घरात लवकर आलेला आहात. आई वळूनही बघत नाही. ती म्हणते, "आधी जेवा. गणित गार व्हत नाय, भाकर व्हती." तुम्ही तरीही समजावलंतच. उठून तिला एक तांब्या पाणी द्यावं, एवढा सोपा जवाब काही तुम्हाला सुचला नाही.

आणि ती पंगत बांधणं! तुमच्या आजोळी म्हणे लग्नात वऱ्हाडाला जेवणाआधी कोड्यानं अडवायची रीत होती. कोडं सुटलं तर वाहवा, नाही सुटलं तर हसून सोडून देत. तुम्ही रीत तेवढी उचललीत आणि हसून सोडून देणं आजोळीच ठेवून आलात. ताटं वाढली, पाण्याचे तांबे ठेवले, पहिला घास उचलायचा, की तुमचा हात वर. "थांबा. पंगत बांधली." मग सवाल. जवाब आल्याशिवाय कुणी घास तोंडात घालायचा नाही. आमटीवर साय धरायची, पोळ्या वातड व्हायच्या, पाहुणे एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे आणि तुम्ही मिशीतल्या मिशीत हसत म्हणायचात, "पहिले तोलो, फिर बोलो." मामा एकदा भरल्या ताटावरून उठून गेला, तो पुन्हा आपल्या घरी जेवायला बसला नाही. आई पदर तोंडाला लावून आत गेली. तुम्ही म्हणालात, "सवाल आया नहीं, भाग गया." आम्हा पोरींना तेव्हा हसू आलं होतं, कारण तुम्ही हसलात की हसायचं असतं, एवढंच आम्हाला कळत होतं.

मणाच्या दगडाचा सवालही मला तुम्ही असाच घातलात, पण जेवताना नाही, अंगणात. शाळेला सुट्टी होती आणि तुमच्याकडं छळायला दुसरं कुणी नव्हतं. एका वाण्याकडे मणाचा दगड होता, म्हणजे चाळीस शेरांचा. तो हमालाच्या हातून पडला आणि त्याचे चार तुकडे झाले. वाणी आधी रडला, मग हसला, कारण त्या चार तुकड्यांनी त्याला एक शेरापासून चाळीस शेरांपर्यंत कुठलंही पूर्ण शेरांचं वजन तोलता यायला लागलं. तर तुकडे केवढे केवढे? मी चार खडे घेऊन लिंबाखाली बसले. जेवायला गेले नाही. दुपार कलली तेव्हा मला सुचलं की वजन दोन्ही पारड्यांत ठेवता येतं. दोन शेर धान्य तोलायचं तर एकीकडं तीन शेरांचा तुकडा आणि दुसरीकडं धान्याबरोबर एक शेराचा. एकदा ते सुचल्यावर बाकीचं आपोआप आलं: एक, तीन, नऊ, सत्तावीस. मी ओरडत आत आले. तुम्ही मला खांद्यावर घेतलंत, घोडी झाले होते तरी, आणि तसंच गुलमंडीवर नेऊन सोनाराकडं वापरात असतो तसला एक छोटा पितळी काटा घेऊन दिलात. त्या एका दिवशी तुम्ही मास्तर नव्हतात, माझे वडील होतात. तो काटा अजून माझ्याकडं आहे. त्याची एक साखळी तुटली आहे, ती मी दोऱ्यानं बांधली आहे.

मग नवी वजनं आली. शेर, मण गेले. किलो, क्विंटल आले. सरकारनं शाळेत तक्ते पाठवले आणि तुम्हाला जणू स्वतःचाच सत्कार झाल्यासारखं वाटलं. वाणी बिचारे दोन्ही वजनं बाळगून होते, बायका पावशेरच म्हणत होत्या, आणि तुम्ही घरात शेर शब्द काढायची बंदी केलीत. आईनं चुकून "अच्छेर साखर आना" म्हटलं की तुम्ही छडी लागल्यासारखे चमकायचात आणि तिला अर्धा किलो म्हणायला लावायचात, अर्धा शेर आणि अर्धा किलो एक नसतात हे ठाऊक असून. त्याच उत्साहात तुम्ही तुमच्या सगळ्या जुन्या कोड्यांना नवे कपडे शिवलेत. कोसाचे किलोमीटर केले, आण्याचे नवे पैसे केले, आणि मणाचा दगड क्विंटलचा केला. बाकीच्या कोड्यांचं काही बिघडलं नाही. जिथं चालणाऱ्या माणसाचा फक्त रस्ता मोजायचाय, तिथं कोस काय नि किलोमीटर काय. पण मणाच्या दगडाचा सगळा जीव चाळीस या आकड्यात होता, आणि तुम्ही तो काढून तिथं शंभर बसवलेत. उंटावरचा शहाणा कुणाला म्हणतात ते मला आता कळलं.

ताईला बघायला लासूर स्टेशनहून माणसं आली ती त्याच वर्षी. शेतीवाडी होती, बाजारात आडत दुकान होतं, मुलगा कॉलेजात शिकत होता. ताईनं त्याला मावशीकडच्या लग्नात पाहिलं होतं. दोघं एकमेकांशी काय बोलली होती कोण जाणे, पण आठवडाभर ती पोलक्याची शिवण उसवत होती आणि पुन्हा घालत होती, आणि विनाकारण मला पेरू आणून देत होती. असल्या कार्यक्रमाला लोक पोहे करतात. तुम्ही जेवण ठेवलंत, कारण पोह्यांची पंगत बांधता येत नाही. ताटं वाढली आणि तुमचा हात वर गेला. एका वाण्याकडे क्विंटलचा दगड होता, त्याचे चार तुकडे झाले, त्या तुकड्यांनी एक किलोपासून शंभर किलोंपर्यंत काहीही तोलता येऊ लागलं, तर तुकडे केवढे?

तो मुलगा मला अजून दिसतो. त्यानं ताट जरा मागं सारलंय, तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवलंय आणि तो शहाबादी फरशीवर आकडे मांडतोय. आकडे वाळतात की तो पुन्हा मांडतो. त्याचे वडील खाकरतात, घड्याळाकडं बघतात. ताई पोळ्यांची परडी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे आणि तिचे ओठ हलतायत, तीही मांडतेय. बऱ्याच वेळानं त्यानं बोट पुसलं आणि सरळ तुमच्याकडं बघून म्हणाला, "मास्तर, मला नाय येत. तुम्हीच सांगा, मला बी शिकायचंय." इतकं चांगलं वाक्य आपल्या घरात त्याआधी कुणी बोललं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "सांगितल्यावर तर गाढवाला पण येतं." मग त्याच्या वडिलांसमोर, पोराच्या देखत, "मुलगा सुस्वभावी आहे हो, पण जावई मला डोक्याचा पाहिजे." ती माणसं कशीबशी जेवली. जाताना तो आईच्या पाया पडला आणि म्हणाला, "काकू, आमटी लई चांगली झाली व्हती." ती थंडगार झाली होती.

आई त्या दिवशी तुमच्याशी भांडली. म्हणाली, "येत नाय तर नाय म्हनला. खोटं नाय बोलला. आसा मानूस संसाराला बरा असतो." तुम्ही नेहमीचं बोललात, की तुला गणितातलं काय कळतं. ताईनं फरशी पुसली, आणि तो बसला होता तिथली सगळ्यात शेवटी पुसली.

दुसरा आला तो आमचा दाजी. कोर्टात कारकून, भांग पाडलेला, खिशाला पेन. तुमचा सवाल "चार तुकडे झाले" इथपर्यंत आला नाही तोच तो म्हणाला, "एक, तीन, नऊ, सत्तावीस." तुम्ही पाटावरून उठलात. "शाब्बास! इसको बोलते हैं डोकं!" म्हणून त्याला मिठी मारलीत, आणि पंगत सुटली. त्याचा चुलता तुमचा जुना विद्यार्थी होता आणि मणाचं कोडं तुम्ही इतकी वर्षं वर्गावर्गात घातलं होतं की अर्ध्या शहराला त्याचा जवाब पाठ होता, हे तुमच्या डोक्यात आलं नाही. तुम्ही प्रश्न बदलला होता, त्यानं उत्तर बदललं नव्हतं, आणि तुम्ही दोघं एकमेकांच्या गळ्यात पडलात. एका क्विंटलमधले साठ किलो तुमच्या डोळ्यांदेखत गायब झाले आणि पंगतीत बसलेल्या एकाही शहाण्यानं बेरीज केली नाही. जवाब पाठ असला की बेरीज कोण करतं? ताई तेव्हा तुपाचं भांडं घेऊन दारातच थबकली होती. मला वाटलं, लाजली.

त्या माणसानं, आप्पा, पुढं जन्मात असा एकही सवाल सोडवला नाही ज्याचा जवाब त्याला आधी कुणी सांगितला नव्हता. वाईट म्हणावा असा तो नाही. दारू प्यायला नाही, हात उचलला नाही. फक्त ताईचं एकही वाक्य त्यानं पुरं होऊ दिलं नाही. तिला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जागा मिळाली होती, तेव्हा तो म्हणाला, "तुला काय कळतंय." हे वाक्य त्यानं तुमच्याकडूनच उचललं असेल, त्याची उचलायची सवय तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्याहून हुशार पोरगी होती ती. मी एसटीच्या ऑफिसात गाड्यांची आणि ड्रायव्हरांची वेळापत्रकं जुळवत नोकरी काढली. तिथं रोज नवं कोडं असायचं आणि त्याचा जवाब आधी कुणालाच माहीत नसायचा, मलाही नाही. त्या टेबलाशी ताई माझ्यापेक्षा शोभली असती. ती मात्र मुकुंदवाडीच्या दोन खोल्यांत दाजींच्या चहाच्या वेळा जुळवत राहिली. आम्ही कधी रेल्वेनं मनमाडकडं निघालो आणि लासूर आलं की ती उठून खिडकी लावून घेते. म्हणते, धूळ येते. पावसाळ्यातही येते तिला धूळ.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. दाजींना आता ऐकू येत नाही, त्यामुळं ते एकटेच बोलतात. शेजारचे कुणी आले होते, त्यांना दाजींनी आपला पराक्रम सुरू केला. मी तो इतक्या वेळा ऐकलाय की कान आपोआप मिटतात. मी वाटाणे सोलत बसले होते. "सासरा म्हणला, क्विंटलचा दगड, चार तुकडे. मी म्हणलं, एक, तीन, नऊ, सत्तावीस. म्हातारा उडालाच!" आणि या खेपेला, का कोण जाणे, माझ्या मनानं बेरीज केली. चाळीस. मी पुन्हा केली. चाळीस. मी स्वतः ते कोडं आयुष्यभर मणाचंच सांगत आले होते, त्यामुळं या चार आकड्यांशेजारी शंभर कधी ठेवून बघितलेच नव्हते.

वाटाणे घेऊन मी आत गेले. ताई कणीक मळत होती. मी म्हटलं, "ताई, त्या तुकड्यांची बेरीज चाळीस येते."

"व्हय," ती म्हणाली. "मंग?"

"तुला माहीत होतं?"

"तूप वाढाया आले तवाच केली की. चाळीस."

"मग बोलली का नाहीस?"

"कुनाला बोलू? आप्पा किती खूश झाले व्हते. आन् बोलले असते तर काय झालं असतं? त्यांनी दुसरा सवाल काढला असता, दुसरं पोरगं आलं असतं." तिनं कणकेवर पाण्याचा हात फिरवला. "लासूरचा खरं बोलला व्हता, तेवढंच वाईट वाटतं."

बाहेर दाजी अजून उडालेल्या म्हाताऱ्याचं सांगत होते. मी म्हटलं, यांना सांगू का? ती म्हणाली, "नको. त्यांच्यापाशी तेवढी एकच गोष्ट हाय."

घरी आल्यावर मी तुमचा काटा काढला आणि नीट पडताळलं, तुम्ही पडताळायला हवं होतं तसं. प्रत्येक तुकडा एक तर या पारड्यात, नाही तर त्या पारड्यात, नाही तर खाली. म्हणजे तीन जागा. चार तुकड्यांच्या मिळून एक्याऐंशी तऱ्हा होतात. त्यातली एक म्हणजे दोन्ही पारडी रिकामी. उरलेल्या ऐंशीत प्रत्येक वजन दोनदा येतं, पारडी उलटसुलट करून. म्हणजे चाळीस. चार तुकडे कसेही करा, चाळिसांहून जास्त वजनं त्यांनी तोलता येतच नाहीत. शंभरासाठी पाचवा तुकडा हवा, साठ किलोंचा. तुम्ही त्या मुलापुढं टाकलात त्या सवालाला जवाबच नव्हता, आप्पा. त्याला येत नव्हता, कारण तो कुणालाच आला नसता. तुमच्या घरी येऊन जेवणाऱ्यांत फक्त त्याचं बरोबर होतं, आणि त्याला तुम्ही गाढव म्हणालात. दुसऱ्यांना सांगत होतात, पहिले तोलो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्या मुलाच्या घरी आता नातवंडं असतील. त्यालाही वाटत असेल की आपल्याला एकदा एक सोपं कोडं सुटलं नव्हतं. त्याला कुणी सांगायचं?

तुमची कीव करावी असं पुष्कळदा मनात आलं, पण जमलं नाही. कीव करायला माणूस थोडा तरी चाचरलेला लागतो. तुम्ही कशालाच चाचरला नाहीत. आई गेली तेव्हासुद्धा तेराव्याला तुम्ही पंगत बांधलीत, आणि ब्राह्मणाला सवाल आला नाही म्हणून दोन दिवस खुशीत होतात. तुमच्याविषयी मनात जे आहे त्याला तिरस्कारच म्हणतात, आणि मी तो शब्द तोलून वापरते आहे.

हे ताईला वाचून दाखवायचं ठरवलं होतं. आता दाखवणार नाही. काट्याच्या डबीत घडी करून ठेवते. कारण एक गोष्ट मी वर लिहिलेली नाही. वाटाणे सोलताना ती बेरीज चाळीस आली, तेव्हा मला आधी ताई आठवायला हवी होती, ती पलीकडच्याच खोलीत होती. फरशीवर पाण्यानं आकडे मांडणारा तो मुलगा आठवायला हवा होता. पण मला आनंद झाला, आप्पा. लिंबाखाली खडे जुळले तेव्हा झाला होता तेवढाच. आणि अर्धी सोललेली शेंग तशीच हातात धरून मी दाराकडं वळले, तुम्हाला हाक मारायला.